त्या काळाचे माप

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी पंधरा-वीस माणसे जमतात. या जमण्याला आम्ही वाचक मंडळ म्हणतो. त्याला घटना नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर नाही. एक पुस्तक महिनाभरात सर्वांनी वाचायचे आणि त्या दिवशी त्यावर बोलायचे, एवढा एकच नियम. तोही सगळे पाळतात असे मी शपथेवर सांगणार नाही. चहा वाचनालयाचा, चिवडा ज्याच्या त्याच्या घरचा. मंडळींत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक वकीलसाहेब आहेत, तंबाखूच्या वखारीवर हिशेब लिहून म्हातारे झालेले एक आण्णा आहेत. कन्नड शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचे घरचे बोलणे कन्नड, पण वाचन आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त मराठी. आणि सरकारी दवाखान्यातल्या एक परिचारिका आहेत. त्यांना सगळे गाव 'सिस्टर' म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांची आई बिड्या वळायची.

मागे एका महिन्यात आम्ही 'स्वामी' घेतली होती. रणजित देसाई म्हणजे आमच्या शेजारचे माणूस. कोवाड इथून लांब नाही. १९६२ साली आलेली ही कादंबरी सीमाभागातल्या कोणत्या सुशिक्षित मराठी घरात नाही? आमच्या लग्नात आहेर म्हणून तिच्या दोन प्रती आल्या होत्या. त्या दिवशीही चर्चा ठरलेल्या वाटेनेच चालली. माधवरावांची करारी वृत्ती, रामशास्त्र्यांचा निःस्पृहपणा, राघोबादादांचे हेलकावे, आणि शेवटी थेऊर. १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या, तो भाग आला तेव्हा पोस्टमास्तरांचा आवाज कापू लागला. डोळे पुसणारे ते एकटे नव्हते. मीही त्यांतलाच.

तेवढ्यात सिस्टरनी विचारले, "सर, रमाबाई सती गेल्या, मग त्यांच्या कुणबिणींचं काय झालं?"

कुणाला प्रश्नच कळला नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "कुठल्या कुणबिणी? कादंबरीत तसं काही नाही." सिस्टर म्हणाल्या, "कादंबरीत नसतील. पण पेशव्यांच्या वाड्यात दळण कोण दळत होतं? पाणी कोण भरत होतं?" आणि मग थोडे थांबून, जणू स्वतःशीच, "बाईसाहेब चितेवर चढल्या त्याचं पान आहे. त्यांचं लुगडं धुणारीचं नाही."

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. कोर्टात बोलावे तसे शांतपणे ते म्हणाले, की असल्या गोष्टी त्या काळाच्या मापाने मोजल्या पाहिजेत. त्या काळी सगळीकडे गुलाम होते, कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. आजचा चष्मा लावून इतिहासाकडे पाहणे हा अन्याय आहे. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. शिक्षकी पेशात मीही हे वाक्य कितीतरी वेळा उच्चारले आहे. इतिहासाच्या तासाला अडचणीचा प्रश्न आला की ते मोठे उपयोगी पडते. सिस्टर काही बोलल्या नाहीत. चहा आला.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य मला पूर्वीसारखे सोपे वाटेना.

पहिली गोष्ट म्हणजे कुणबीण हा काय प्रकार होता, तेच आपल्याला नीट ठाऊक नसते. शब्दावरून ती कुणब्याची बायको वाटते. पण अठराव्या शतकातल्या कागदांत कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, विकता येणारी, कुणाला देऊन टाकता येणारी बाई. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली कुणबिणी होत. लढाईत हाती लागलेल्या बायका होत. कुणबिणीच्या पोटी आलेले मूल जन्मतःच त्या घरचे होई. आणखी एक वाट होती, ती सगळ्यांत वाईट. ज्या स्त्रीवर बदकर्माचा आरोप शाबीत झाला तिला सरकारच धरून कुणबीण करी आणि आपल्या कोठ्यांत, पागांत, किल्ल्यांवर कामाला लावी. पुरुष गुन्हेगाराला बहुधा दंड भरून सुटता येई; बाईचा देहच दंडात जमा होई. म्हणजे पुण्याच्या दरबारात गुलामी आणि स्त्रीची कोंडी हे दोन वेगळे विषय नव्हतेच. एकाच चावडीवर, एकाच शाईने दोन्हींचा निकाल होत होता.

हे मी पुढच्या खेपेला मंडळात सांगितले तेव्हा कन्नड शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आमच्यात अशा बाईला तोत्तु म्हणत. आता तो शब्द शिवीतच उरलाय." मराठीतही बटीक हा शब्द तसाच उरला आहे. बटकीचा ही शिवी आणि 'मी काय या घरची बटीक आहे?' हा प्रश्न, यांपलीकडे तो कुठे वापरात नाही. ज्या दोन भाषांचे आमच्या भागात दुकानाच्या पाटीवरून एकमत होत नाही, त्यांचे इथे मात्र पूर्ण एकमत. आणि गंमत अशी, की हा प्रश्न आजही रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरात विचारला जातो. विचारणारीने बटीक पाहिलेली नसते. तरी उपमा तिला अचूक सापडते.

आता वकीलसाहेबांच्या मापाकडे येतो. त्या काळाचे माप म्हणजे कुणाचे माप? कागद लिहिले कारकुनांनी, ठेवले सरकारने. त्यांना वावगे वाटत नव्हते हे कागदांवरून सिद्ध होते, मान्य. पण त्याच दप्तरांत पळून गेलेल्या कुणबिणींचा शोध घेऊन त्यांना धरून आणण्याच्या मजकुराचीही पत्रे आहेत. पळून जाणारी बाई काय म्हणत होती? तिला लिहिता येत नव्हते, वकील देता येत नव्हता, कीर्तनात उभे राहता येत नव्हते. रात्री वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडून अंधारात चालू लागणे, हेच तिचे मत. तीही त्याच काळातली. तिचा जन्म काही विसाव्या शतकात झालेला नव्हता, आणि आजचा चष्मा तिच्या नाकावर नव्हता. मग त्या काळाचे माप ठरवताना आपण धरून आणणाऱ्याचे तेवढे मोजतो आणि पळणारीचे सोडतो, हा हिशेब कुठला?

बरे, वरच्यांनाही ठाऊक नव्हते असे नाही. माधवरावांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १६७७ साली, दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवछत्रपतींनी जिंजीच्या बाजूला डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात पूर्वीच्या राजवटीत चालत असलेली दासदासींची खरेदी-विक्री आपल्या मुलखात चालणार नाही असे स्पष्ट बजावलेले आहे. आणि खुद्द माधवराव? वेठबिगारीची चीड असलेला पेशवा म्हणून त्यांची ख्याती आहे. गावकऱ्यांना वेठीस धरून अंमलदारांनी आपली ओझी वाहून घेऊ नयेत म्हणून त्यांनी बंदी केली आणि ती मोडणाऱ्या बड्या अधिकाऱ्यालाही सोडले नाही. म्हणजे मनाविरुद्ध राबवून घेणे हा अन्याय आहे, हे त्या तरुण माणसाला लख्ख दिसत होते. रयतेच्या पाठीवरचे ओझे दिसले. वाड्यातल्या जात्याचा आवाज मात्र तो रोज पहाटे ऐकत असूनही त्याला ऐकू आला नाही.

यावर मी माधवरावांना गुन्हेगार ठरवतो आहे असे कुणी समजू नये. वकीलसाहेबांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी त्यांना सांगितले. सोळाव्या वर्षी राज्यकारभारात ओढला गेलेला, क्षयाने अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेला तो माणूस. आपण पंख्याखाली बसून त्याच्यावर दोषारोप ठेवणे हे सोपे आहे, आणि जे सोपे असते त्यात स्वतःच्या चांगुलपणाची चव घेतलेली असते. माणसाचा दोष किती, हे ठरवताना त्याचा काळ, त्याचे वय, त्याला काय शिकवले गेले, हे सारे पाहिलेच पाहिजे. पण कृत्य बरे की वाईट, हा प्रश्न निराळा. त्याला काळाचा दाखला लागत नाही. ज्याच्या अंगावर ते कृत्य झाले त्याची साक्ष लागते. हे दोन प्रश्न आपण एकमेकांत गुंतवतो आणि मग मोठ्या माणसाचा दोष कमी करता करता त्या कृत्याचीच धार बोथट करून टाकतो. त्या काळी तसेच होते, एवढे म्हटले की कुणबीण पुन्हा अंधारात जाते.

सतीच्या बाबतीतही तेच झाले आहे. रमाबाई स्वखुशीने गेल्या, असे आपण म्हणतो, आणि त्या स्वखुशीला वंदन करतो. असेल. मी त्यांच्या मनात शिरू शकत नाही. पण ज्या घरात विधवेचे उरलेले आयुष्य म्हणजे काय, हे नवऱ्याच्या अंत्यविधीआधीच प्रत्येकीला पाठ असते, तिथे खुशी या शब्दाचे वजन किती धरायचे? मुंबई इलाख्यात सतीची चाल कायद्याने बंद झाली ती १८३० साली. गुलामाची मालकी कोर्टाने मानू नये हा कायदा १८४३ चा. दोन्ही कायदे परक्यांनी केले, हे मला शाळेत असल्यापासून सलते. शिवछत्रपतींचा १६७७ चा कौल आपल्याच हाती होता. आपण तो पुढे नेला नाही.

याच सुमारास माझ्या मुलीने मला एक इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. सू मंक किड या अमेरिकन लेखिकेची 'द इन्व्हेन्शन ऑफ विंग्ज', २०१४ सालची. मोठी आहे, आणि काही ठिकाणी जरा गोडही आहे, पण तिच्यामागचा इतिहास खरा आहे. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरी ग्रिम्के नावाचे बड्या न्यायाधीशाचे घराणे होते. घरात गुलाम होते. दोन बहिणींतली थोरली सारा, जन्म १७९२. धाकटी अँजेलिना, १८०५ ची. साराच्या दिमतीला लहानपणी तिच्याच वयाची एक गुलाम मुलगी दिलेली होती. सारा तिला रात्री चोरून अक्षरे शिकवी. ते उघडकीला आले आणि शिकवणे बंद झाले. गुलामाला वाचायला शिकवणे तिथे गुन्हा होता. पुढे दोघी बहिणी घर सोडून उत्तरेत गेल्या आणि गुलामीविरुद्ध जाहीर व्याख्याने देऊ लागल्या. तेव्हा १८३७ साली तिथल्या धर्मोपदेशकांनी पत्रक काढले, की बायकांनी असे सभेत उभे राहून बोलणे शोभत नाही. गुलामांसाठी बोलायला गेलेल्या साराला तिथे कळले, की बोलण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. दुसऱ्या वर्षी तिने स्त्री-पुरुष समतेवर पुस्तक लिहिले. दुसऱ्याची बेडी मोजता मोजता तिला स्वतःच्या पायातली सापडली, ती अशी.

आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे सर्वांना ठाऊक आहे. सारा ग्रिम्के वारली तीही १८७३ सालीच. दोघांना एकमेकांची नावेही ठाऊक नसणार. नऊ वर्षांनी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, आणि तिची बाजू घ्यायला पुढे आले तेही जोतीरावच. जिथे जिथे एकाची गुलामी कुणी नीट पाहिली आहे, तिथे त्याला दुसरीही दिसू लागलेली आहे. निपाणीतही तसेच झाले. ते पुढे सांगतो.

पण या बहिणींच्या चरित्रातली जी गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती वेगळीच आहे आणि ती कादंबरीच्या नंतरच्या काळातली आहे. यादवी युद्ध संपले होते, गुलामी गेली होती, दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या. १८६८ साली अँजेलिनाच्या वाचनात आले की एका काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात ग्रिम्के आडनावाचा एक हुशार मुलगा आहे. तिने चौकशीचे पत्र लिहिले. उत्तर आले. तो आणि त्याचे भाऊ तिच्या सख्ख्या भावाचे मुलगे होते. आई त्याच भावाची गुलाम. बापाने मरताना त्यांना आपल्या गोऱ्या मुलाच्या हवाली केले होते, आणि त्या सावत्र भावाने त्यांना घरगडी म्हणून राबवले होते. अँजेलिनाने काय करावे? सारे आयुष्य सभा गाजवली होती, आता आजारी होती, गप्प बसली असती तर कुणी नाव ठेवले नसते. ती उठून त्या मुलांना भेटायला गेली. चारचौघांत त्यांना भाचे म्हणून ओळख दिली, आणि दोघी बहिणींनी त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. त्यांतला एक, आर्चिबाल्ड, पुढे नावाजलेला वकील झाला. दुसरा, फ्रान्सिस, धर्मोपदेशक.

बापाचे नाव नसलेली मुले. हे वाचताना पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो होतो. त्याचे कारण सांगायचे तर निपाणीकडे यावे लागेल.

सौंदत्तीच्या डोंगराकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या लहानपणी दारावरून जात. मार्गशीर्षात, माघात. 'उधो'चा गजर, भंडाऱ्याने पिवळी झालेली कपाळे, डोक्यावर जग घेतलेल्या बायका, चौंडक्याचा आवाज. आम्हा मुलांना ती जत्रा होती. त्या बायकांतल्या कितीतरी सहा-सात वर्षांच्या असतानाच गळ्यात मणी बांधून देवीला सोडलेल्या, हे कळायला वय वाढावे लागले. आणि देवीला सोडलेली बाई गावातल्या कुणाची असते, हे कळायला त्याहून जास्त. मुलीच्या केसांत जट आली, घरात मुलगा नाही, दुखणे हटत नाही, असे काहीही कारण पुरे. बहुतेक घरे दलितांची. म्हातारपणी आईबापांना बघणारे कुणीतरी हवे, म्हणून मुलगी सोडायची. इथेही सगळे स्वखुशीने.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० सालीच मुरळी-जोगतिणी सोडण्याला कायद्याने बंदी केली होती. मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. कायद्यांची ही रांग पाहिली की एक गोष्ट कळते, आधीचा पुरला नाही म्हणूनच पुढचा करावा लागला. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली, बाबा आढावांचे महात्मा फुले समता प्रतिष्ठान तिच्यामागे होते. नंतर निपाणीतही ते वारे आले. इथे वखारीतल्या तंबाखू कामगार बायका आणि बिडी कामगार बायका तेव्हा संघटित होत होत्या. पहाटेपासून तंबाखूच्या धुरळ्यात खोकत काम, मजुरी मालक म्हणेल ती. त्यांच्या संघटनेवर दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने १९८२ साली माहितीपटही केला. त्याच बायकांत देवीला सोडलेल्या अनेक जणी होत्या. मजुरीचे भांडण करायला म्हणून जमलेल्या बायका, एकमेकींच्या गळ्यातल्या माळेबद्दल बोलू लागल्या. चार्ल्सटनच्या साराला जे सभेत उमगले, ते इथल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांना वखारीत उमगले. पुढे चिकोडी तालुक्यातल्या कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी, ज्यांना स्वतःला सातव्या वर्षी सोडले होते, त्यांनी शेकडो बायकांना या वाटेवरून परत आणले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'मास' ही त्यांची संस्था बेळगाव जिल्ह्यातलीच.

हे सारे आमच्या डोळ्यांदेखत. आणि आता माझी गोष्ट.

१९९३ सालचा जून. नोकरीला लागून मला वर्ष झाले होते. गावाचे नाव सांगत नाही. दोष माझा आहे, गावाचा नव्हे. आठवीचा वर्ग मला दिला होता. पहिल्या आठवड्यात हजेरीपट तयार करायचा असतो. सातवीच्या दाखल्यांवरून नावे उतरवून घेता येतात, पण नव्या मास्तराला एकेकाला उभे करून नाव विचारण्याची हौस असते, तशी मलाही होती. मुलगे झाले, मुली आल्या. तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. तिने आपले नाव सांगितले आणि त्यापुढे आईचे नाव सांगितले.

मी म्हणालो, "आईचं नव्हे, वडिलांचं सांग."

ती गप्प राहिली. मला वाटले ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले, जरा आवाज चढवून. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, तिला बा न्हाई. ती जोगतिणीची हाय." वर्ग हसला. आणि मीही हसलो. मोठ्याने नाही, वर्गाला आवरता आवरता मास्तर हसतो तसे. मग "बस खाली" म्हणालो, आणि वडिलांच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ ओढली.

ती त्यानंतर चार दिवस आली. पाचव्या दिवसापासून हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडू लागली. शिक्षकांच्या खोलीत मी सहज बोललो, तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "त्या मुली टिकत नाहीत हो." ते दुष्ट नव्हते. गरीब मुलांची फी स्वतः भरणारे गृहस्थ होते. ऑगस्टात मी लाल शाईने शेरा लिहिला, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' शाळेत ही नेहमीची भाषा आहे. तिचे घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते. मी गेलो नाही.

वकीलसाहेबांच्या मापाने मोजले तर मी सुटतो. नमुन्यात वडिलांच्या नावाचा रकाना होता. तो भरून घेणे माझे काम होते. त्या काळी शिक्षकांच्या खोलीत, गावात, शिक्षण खात्यात कुणालाच त्यात वावगे वाटत नव्हते. पण वर्गात पंचेचाळीस मुले होती, आणि त्यांतल्या एकीला वाटत होते. तेरा वर्षांची ती मुलगी उभी राहून बापाच्या जागी आईचे नाव सांगत होती. प्रश्नाचे तिने उत्तर दिले होते. मी ते चुकीचे ठरवले. त्या काळाचे माप तिच्याजवळही होते आणि माझ्याजवळच्या मापापेक्षा ते बरोबर होते. तिथे आठवीच्या वर्गात, फळ्यापासून आठ हातांवर.

शिवाय मला काही माहीतच नव्हते, असे तरी कुठे होते? मी एम.ए. झालो होतो. 'गुलामगिरी' माझ्या कपाटात होती. शाहू महाराजांच्या कायद्याला त्र्याहत्तर वर्षे झाली होती, आणि कोल्हापूर आमच्यापासून तासा-दीड तासावर. डॉ. आंबेडकर १९२५ साली निपाणीत परिषदेला येऊन गेले होते, हे मी त्याच वर्गाला शिकवत होतो. माधवरावांना जाते ऐकू आले नाही म्हणून आज मी चार ओळी लिहितो, पण त्यांच्या कपाटात जोतीरावांचे पुस्तक नव्हते.

२०२५ साली कर्नाटक विधिमंडळाने देवदासींसंबंधी नवे विधेयक मंजूर केले. त्यांच्या मुलांवर अर्जात वडिलांचे नाव लिहिण्याची सक्ती असू नये, अशी त्यात तरतूद आहे. वर्तमानपत्रात ही बातमी वाचली तेव्हा मी शाळेत होतो. शिपायाला सांगून कपाटातले प्रवेशाचे रजिस्टर मागवले. ते अर्थात या शाळेचे, त्या शाळेचे नव्हे. तरी उगाच पाने उलटत बसलो. वडिलांच्या नावाच्या रकान्यात आडव्या रेघा इथेही आहेत. माझ्या आधीच्यांनी ओढलेल्या.

ती मुलगी आता पंचेचाळिशीच्या पुढे असेल. कुठे असते, मला ठाऊक नाही. शोधावे, असे अँजेलिनाबद्दल वाचल्यापासून रोज वाटते. शोधून काय म्हणावे, ते सुचत नाही. माझे मन हलके व्हावे म्हणून तिच्या दारात उभे राहणे, हा पुन्हा तिलाच राबवून घेण्याचा प्रकार होईल की काय, ही शंकाही येते. माझी पत्नी म्हणते, ही शंका म्हणजे न जाण्याची पळवाट आहे. तिचेही खरे असेल.

मंडळाच्या मागच्या बैठकीत पुढचे पुस्तक ठरले. राजन गवसांचे 'चौंडकं'. पोस्टमास्तरांनी जरा चाचरत विचारले, बायका असतात बैठकीला, चालेल ना? कन्नड शाळेतल्या बाई हसल्या. वकीलसाहेब म्हणाले, घ्या, मी वाचलेले नाही. सिस्टर म्हणाल्या, त्यांच्या आईला यायचे आहे. आईला वाचता येत नाही, पण वखारीत तिच्या शेजारी बसणाऱ्यांत माळ घातलेल्या तिघी होत्या, तर तिला ऐकायचे आहे, पुस्तकात काय लिहिले आहे ते. कुणीतरी काही पाने मोठ्याने वाचून दाखवावीत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मास्तरचा आवाज खणखणीत असतो असा समज आहे. मी हो म्हणालो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तो रविवार होऊन गेलेला असेल. त्या म्हातारीसमोर १९९३ सालची गोष्ट वाचनाच्या आधी सांगायची की नंतर, एवढे अजून माझे ठरत नाही.